एकाच घरातल्या दोघींचे हक्क वेगळे का?

वाचकाचे पत्र

मी मूळची तळोद्याची असून धुळ्यात एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. देवपूर भागात एका वृद्ध आजींच्या घरी मी तीन वर्षांपासून राहते. मागची खोली मला दिलेली आहे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक आहे, दोन वेळचे जेवण आजींच्या हातचे असते आणि सगळे मिळून मी महिन्याला ६,५०० रुपये देते. सुरुवातीला १३,००० रुपये अनामत दिली होती. पावती कधी मागितली नाही, कारण आजी म्हणत, "पोरी, तू आमनी पाव्हनी शे." वरच्या मजल्यावर शहाद्याचे एक कुटुंब पाच वर्षांपासून राहते. त्यांचा जिना, स्वयंपाकघर आणि कुलूप वेगळे आहे आणि ते ५,५०० रुपये देतात. त्यांच्याकडे शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा 'भाडेकरारनामा' आहे. तो नोंदवलेला नाही आणि त्याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपली आहे.

दोन महिन्यांपूर्वी आजींना शस्त्रक्रियेसाठी मुलाने पुण्याला नेले. आता मुलगा आला असून घर विकायचे आहे म्हणतो. मला चार दिवसांत आणि वरच्यांना पंधरा दिवसांत निघण्यास त्याने सांगितले आहे. वरच्या वहिनींचे पाणी त्याने बंद केले आहे. मी कामावर असताना माझी खोली उघडून तो पाहून जातो, आणि अनामत रंगरंगोटीत गेली असे म्हणतो. कोणी म्हणते, तीन वर्षे राहिल्यावर काढता येत नाही. मैत्रिणीने इंटरनेटवर 'लॉजर' आणि 'टेनंट' यांचे वेगवेगळे नियम दाखवले. दोघी एकाच छताखाली राहतो, दोघी पैसे देतो, मग आमचे हक्क वेगळे कसे?

— एक वाचक, धुळे

उत्तर

ताई, चार दिवसांची मुदत डोक्यावर असताना तुम्ही स्वतःबरोबर वरच्या वहिनींचाही विचार करून पत्र लिहिले, त्याचे मला फार मोल वाटते. आधी अप्रिय गोष्ट सांगतो, कारण ती लपवली तर तुम्ही चुकीच्या आधारावर भांडायला उभ्या राहाल. कायद्याच्या दृष्टीने वरचे कुटुंब बहुधा भाडेकरू आहे आणि तुम्ही भाडेकरू नाही. त्यांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय घराबाहेर काढता येत नाही. तुम्हाला मात्र वाजवी मुदत देऊन जायला सांगता येते. परंतु 'वाजवी मुदत' म्हणजे चार दिवस नव्हेत, आणि जायला सांगण्याच्या अधिकारात तुमची अनामत गिळण्याचा किंवा तुमच्या खोलीत शिरण्याचा अधिकार येत नाही. तुमचे हक्क कमी आहेत एवढाच याचा अर्थ आहे, आणि जे आहेत ते पुरते वसूल करण्याची वेळ आता आली आहे.

हा फरक पैशाच्या रकमेवरून किंवा राहण्याच्या वर्षांवरून पडत नाही. जागेचा ताबा कोणाच्या हाती आहे, यावरून तो पडतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०५ प्रमाणे भाडेपट्ट्यात मालक आपल्या जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याकडे सोपवतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधला परवाना त्याहून वेगळा आहे. त्यात जागा मालकाच्याच ताब्यात राहते आणि दुसऱ्याला तिथे राहण्याची केवळ परवानगी मिळते. वरच्या वहिनी दाराला आतून कडी लावतात, तेव्हा आजींनासुद्धा विचारूनच आत यावे लागते. भाड्याने दिलेली जागा पाहायची असेल तर मालकाने आधी सूचना देऊन वाजवी वेळी यावे, असे भाडे नियंत्रण कायदाच सांगतो. तुमच्या खोलीत आजी झाडू मारायला, गाद्या उन्हात टाकायला, कणग्यातले धान्य काढायला येत असतील, तर ती खोली अखेरपर्यंत त्यांच्या घराचाच भाग राहिली.

कागदावर काय नाव लिहिले आहे, यापेक्षा प्रत्यक्षात काय दिले गेले हे महत्त्वाचे असते. दिल्लीतल्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाच्या खोल्यांवरून निघालेल्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ही कसोटी मांडली आणि देशभरातील न्यायालये आजही ती वापरतात. तुमच्या मैत्रिणीने दाखवलेली माहिती इंग्लंडची असावी. तिथेही विचाराची मूळ दिशा हीच आहे. स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या १९८५ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च पीठाने म्हटले, की ज्याला जागेचा अनन्य ताबा मिळतो तो भाडेकरू, आणि ज्याच्या खोलीत सेवा देण्यासाठी मालकाला केव्हाही येता-जाता येते तो लॉजर. मात्र तिथले नोटिशीचे दिवस, तिथली अनामत-संरक्षण योजना यांतले काहीही धुळ्यात लागू नाही. तो कागद छापून मुलासमोर ठेवू नका, कारण त्याच्या वकिलाला तुमचे सगळेच म्हणणे खोडून काढायला तेवढे एक निमित्त पुरेल.

आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्यात तीन प्रकारच्या माणसांचा विचार आहे, आणि तुमच्या घराचा सगळा गोंधळ या तिघांना एकच समजल्यामुळे झालेला आहे. पहिला भाडेकरू. दुसरा परवानाधारक, म्हणजे ज्याला आपण बोलताना 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणारा म्हणतो. तिसरा पेइंग गेस्ट. परवाना देणारा स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला परवान्याने दिला, तर ती व्यक्ती पेइंग गेस्ट ठरते. कायद्याने परवानाधारकाची व्याख्या करताना पेइंग गेस्टला त्यातून स्पष्टपणे वगळले आहे, आणि वसतिगृह, लॉजिंग, धर्मशाळा, हॉटेल अशा ठिकाणी राहणाऱ्यांनाही वगळले आहे. म्हणून तुम्ही भाडेकरू तर नाहीच, पण या कायद्याच्या अर्थाने परवानाधारकही नाही. आजींनी मायेने जो शब्द वापरला, तोच कायद्यानेही तुमच्यासाठी ठेवलेला आहे, फक्त त्याचे परिणाम त्यांच्या किंवा तुमच्या मनात कधी आले नसतील.

"आजी दोन महिने पुण्यात आहेत, घराची किल्ली माझ्याकडे होती, मग ताबा माझा झाला नाही का," असे कोणी तुम्हाला सुचवले तर त्या वाटेने जाऊ नका. आजारपणासाठी मालकीण काही काळ बाहेरगावी गेली, म्हणून तिचे घर तिचे राहणे संपत नाही. त्यांची भांडी, देव्हारा, कपडे तिथेच आहेत आणि परत येण्याचा त्यांचा हेतूही आहे. विश्वासाने राखणीला ठेवलेल्या माणसाला कितीही वर्षांच्या वास्तव्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. किल्ली विश्वासाची होती, आणि ती तशीच परत जावी असे मला वाटते.

आता 'तीन वर्षे राहिले की काढता येत नाही' या समजुतीबद्दल. तीन, पाच किंवा अकरा वर्षे असा कोणताही आकडा आजच्या कायद्यात नाही. पण ही समजूत हवेतून आलेली नाही. १९७३ साली मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे परवान्याचा चालू करार होता, अशा किमान एक खोली वापरणाऱ्या परवानाधारकांना कायद्याने एका फटक्यात भाडेकरू मानले. तेव्हापासून 'परवान्याने दिलेली जागा गेली' ही भीती घरमालकांच्या मनात बसली आणि 'राहिला तो टिकला' ही आशा राहणाऱ्यांच्या मनात बसली. ती तरतूद त्या एका दिवसापुरती होती. त्या वेळीसुद्धा पेइंग गेस्ट त्यातून वगळलेलेच होते. पन्नास वर्षे उलटून गेली तरी मालकांची भीती आणि राहणाऱ्यांची आशा दोन्ही टिकून आहेत. आजींचा मुलगा एवढी घाई करतो आहे, त्यामागेही कदाचित तीच भीती असेल. त्याच्या मनातून ती घालवणे तुमच्या फायद्याचे आहे, आणि ते कसे करायचे ते पुढे येईलच.

आधी वरच्या वहिनींचे पाहू, कारण त्यांचे पाणी बंद आहे आणि धुळ्याच्या उन्हाळ्यात ती गोष्ट एक दिवसही थांबू शकत नाही. त्यांच्याकडे वेगळा जिना, वेगळे स्वयंपाकघर, स्वतःचे कुलूप आहे, दरमहा भाडे जाते आणि कागदाचे नावही 'भाडेकरारनामा' आहे. या सगळ्यावरून ते भाडेकरू ठरतात. कराराची मुदत संपली म्हणून ते घुसखोर होत नाहीत. मुदत संपल्यावरही मालकाने चार वर्षे भाडे घेतले आहे, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार भाडे देण्यास व अटी पाळण्यास तयार असलेल्या भाडेकरूला मालक सहसा काढू शकत नाही. काढायचे असेल तर कलम १६ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. स्वतःच्या राहण्याची खरी व वाजवी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, जागेची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव अशी ती कारणे आहेत. गरजेच्या कारणातही, मालकाला जागा न मिळण्याने होणारा त्रास मोठा की भाडेकरूला ती सोडण्याने होणारा, हे न्यायालय तोलून पाहते. 'घर विकायचे आहे' हे त्या यादीतले कारणच नाही. घर जरूर विकता येईल, पण नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येईल आणि भाडेकरू आहे तिथेच राहील.

त्यांचा करार नोंदवलेला नाही, हा त्यांचा दोष आहे असे मुलाने सांगितले असेल तर ते उलटे आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे वाक्य खानदेशात दुकानादुकानांतून ऐकू येते, आणि वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यांना केंद्राच्या नोंदणी कायद्याने दिलेल्या सवलतीवरून ते आले आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने भाड्याचा आणि परवान्याचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ती पार न पाडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते चूक असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर येते.

पाणी तोडण्याबाबत कलम २९ आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई यांसारखी आवश्यक सेवा पुरेशा कारणाविना तोडणे किंवा रोखणे मालकाला मनाई आहे, मग ते त्याने स्वतः केले असो किंवा दुसऱ्याकरवी. भाडेकरूने दिवाणी न्यायालयात अर्ज केल्यास अंतिम निकालाची वाट न पाहता पाणी सुरू करण्याचा अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेश मोडल्याचीच वाट पाहावी लागते असेही नाही, सेवा तोडणे हा स्वतःच शिक्षेस पात्र गुन्हा आहे. वहिनींनी आजच बंद व्हॉल्व्हचा तारखेसह फोटो काढावा, मुलाला एक लेखी पत्र द्यावे आणि वकील गाठावा. भाडे एक महिनाही थांबवू नये. त्याने हातात घेण्यास नकार दिला तर बँकेतून पाठवावे किंवा मनीऑर्डर करावी आणि परत आलेली पावती जपून ठेवावी, कारण त्यांचे सगळे संरक्षण 'भाडे देण्यास तयार असलेला' या शब्दांवर उभे आहे. रागाच्या भरात भाडे थांबवून बरेच भाडेकरू आपली भक्कम बाजू स्वतःच मोडतात. थकबाकी झालीच तर मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, ही शेवटची सवड आहे, तिच्यावर विसंबून राहू नये. आणि समजा, ते कामावर असताना मुलाने कुलूप बदलले, तर विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकी कोणाची हा वाद न काढताही, ताबा परत मागता येतो.

इथे एक खबरदारी सांगतो. त्यांनी तो स्टॅम्पपेपर पेटीतून काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. वर 'भाडेकरारनामा' आणि आत 'परवाना', 'अनुज्ञप्ती' असे शब्द असतील तर चित्र बदलू शकते. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. तिथे लेखी परवाना करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू लढवण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आज शहरांत बहुतेक मालक 'लिव्ह अँड लायसन्स'चाच आग्रह धरतात, त्याचे हेच कारण आहे. म्हणून हा मुद्दा वकिलाकडे जाण्याआधीच तपासलेला बरा.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या बाजूने न्यायालयातून 'मला इथून काढू नका' असा मनाई हुकूम मिळेल, अशी आशा मी देणार नाही. पण सुविधाधिकार कायद्याची दोन कलमे तुमच्यासाठी आहेत आणि ती जवळपास कोणालाच माहीत नसतात. कलम ६३ म्हणते, की परवानगी काढून घेतली तरी राहणाऱ्याला जागा सोडण्यासाठी आणि आपले सामान नेण्यासाठी वाजवी वेळ मिळाला पाहिजे. कलम ६४ म्हणते, की परवाना मोबदला घेऊन दिलेला असेल आणि राहणाऱ्याचा काही दोष नसताना, ज्या मुदतीसाठी तो दिला ती पूर्ण होण्याआधीच त्याला काढले, तर तो भरपाई मागू शकतो. वाजवी वेळ म्हणजे नेमके किती दिवस हे कायद्याने लिहिलेले नाही. परंतु ज्या महिन्याचे पैसे घेतले आहेत तो महिना तुमचा आहे, आणि तीन वर्षे दरमहा पैसे घेणाऱ्याने निदान एका महिन्याची सूचना द्यावी, ही मागणी कोणत्याही न्यायाधीशाला वावगी वाटणार नाही. तेवढी मागणी तुम्ही ठामपणे करा. तिच्यापलीकडे जाऊन 'मी हलणारच नाही' असे म्हणू नका.

तुमच्यासाठी आणखी एक दार आहे, आणि ते वरच्या वहिनींसाठी नाही. जेवण, झाडलोट, सामाईक सोयी यांमुळे तुम्ही भाडेकरू ठरत नाही, पण त्याच गोष्टींमुळे तुम्ही ग्राहक ठरू शकता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत निवास किंवा भोजन किंवा दोन्ही पुरवणे याचा उल्लेख आहे. पैसे घेऊन ही सेवा दिली, नंतर मधेच तोडली आणि अनामत अडवली, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावणे सक्तीचे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एका घरात एकच खोली देणाऱ्या आजींना सेवा पुरवठादार म्हणता येईल का, हा प्रश्न समोरची बाजू उभा करील हे खरे. पण तेरा हजारांसाठी दिवाणी दावा लढवण्यापेक्षा ही वाट मला पुष्कळ सुसह्य वाटते, आणि तशी तक्रार होऊ शकते याची लेखी जाणीव दिल्यावर समोरचा माणूस पैसे परत करण्याचा विचार करू लागतो.

अनामतीबद्दल इंटरनेटवर तुम्हाला 'दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही' असेही वाचायला मिळेल. ते २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातले आहे. तो नमुना आहे आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक होत नाही. तुमचा आधार त्याहून साधा आहे. अनामत म्हणजे परत करायची ठेव. तुम्ही केलेले नुकसान त्यातून वळते करता येईल, पण तीन वर्षांत भिंतीचा रंग उडणे हे नुकसान नव्हे, ती वापराची झीज आहे, आणि घर विकण्यापूर्वी रंगवायचे ही तर मालकाची स्वतःची गरज आहे. रंगाचे बिल मागा. बिल दाखवले तरी तुमच्या खोलीत तुम्ही नेमके काय बिघडवले ते सांगायला लावा.

पावती नाही म्हणून घाबरू नका. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर बँकेचे खातेउतारे आहेत. रोख दिले असतील तर आजींशी झालेले संदेश, सोबतच्या मैत्रिणी, वरच्या वहिनी यांची साक्ष आहे. आणि आजी स्वतः आहेत. तुमचे आधार कार्ड त्या पत्त्यावर असेल किंवा पोलिसांकडे तुमच्या वास्तव्याची माहिती दिलेली असेल, तर त्यावरून तुम्ही तिथे केव्हापासून राहता हे सिद्ध होईल. भाडेकरूपणा मात्र त्यातून सिद्ध होत नाही, तेव्हा त्या कागदाकडून नको ते मागू नका.

मुलगा तुमच्या गैरहजेरीत खोली उघडतो, ही गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. आजींना त्या खोलीत येण्याची मुभा होती, ती झाडलोटीसाठी आणि परस्परांच्या विश्वासावर. एका परपुरुषाने एकट्या स्त्रीचे कपडे, औषधे, कागदपत्रे असलेली खोली तिच्या पाठीमागे उघडून पाहावी, असा अर्थ कोणत्याही परवान्यातून निघत नाही. स्त्रीच्या एकांतात अशा प्रकारे घुसखोरी करणे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा ठरू शकते. आज त्याला लेखी बजावा, की यापुढे तुम्ही हजर असतानाच खोली उघडावी. दागिने, पदवीची प्रमाणपत्रे, बँकेचे कागद आजच मैत्रिणीकडे हलवा. पुन्हा तसे घडले, किंवा त्याने सामान अडवले किंवा रात्री बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तर ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे. पोलीस 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणतील. राहण्याच्या हक्काबाबत ते खरेही आहे, पण सामान अडवणे आणि खोलीत शिरणे याबाबत ते खरे नाही, आणि तक्रार लिहून देताना एवढ्या दोनच गोष्टी लिहाव्यात, म्हणजे ती बाजूला सारता येणार नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता दोघींनीही करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींनाही तोच हक्क आहे. धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्या, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. वरच्या कुटुंबाचा अर्ज वहिनींच्या नावाने झाला तर त्यांच्या यजमानांना वेगळा वकील करावा लागणार नाही.

मुलाला द्यायचे पत्र अगदी छोटे असू द्या. तुम्ही कोणत्या तारखेपासून राहता, दरमहा किती देता, अनामत किती दिली, हे लिहा. जाण्यास तुम्ही तयार आहात, पुढच्या महिनाअखेरीस खोली रिकामी करून किल्ली द्याल, त्याच वेळी १३,००० रुपये बँक खात्यात जमा झालेले असावेत आणि तोवर खोलीत कोणी येऊ नये, एवढे चार मुद्दे पुरेत. भाडेकरू असल्याचा दावा पत्रात करू नका. तुम्ही स्वतःहून तारीख लिहून दिली की 'ही आता हलणारच नाही' ही त्याची भीती जाईल, आणि भीती गेलेल्या माणसाशी पैशाचे बोलणे सोपे होते. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत मोबाइलवरही पाठवा.

त्याआधी आजींना पुण्याला फोन करा. जागा त्यांची आहे, परवानगी त्यांनी दिली होती, आणि मुलगा जे करतो आहे ते त्यांना माहीत आहे असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. घर त्यांच्याच नावावर असेल तर तुम्हाला जायला सांगण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. मुलाला तो त्यांच्या सांगण्यावरून किंवा त्यांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावरूनच मिळतो. मुलाची तक्रार करण्यासाठी फोन करू नका. तब्येत विचारा, पुढच्या महिनाअखेरीस जाणार असल्याचे सांगा आणि अनामतीचे त्यांच्या कानावर घाला. तीन वर्षे ज्यांच्या ताटात ताट लावून तुम्ही जेवलात, त्या बाईंना हे परस्पर कळू नये.

नवी जागा शोधताना आधी स्वतःला विचारा, की तुम्हाला काय हवे आहे. घरचे जेवण आणि सोबत हवी असेल तर पेइंग गेस्ट म्हणूनच राहा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एका कागदावर अनामत, सूचनेचा एक महिना आणि खोलीच्या किल्लीबद्दलची अट लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि दरमहा पैसे बँकेतून द्या. स्वतःचे कुलूप हवे असेल तर नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' करा. त्याचे मुद्रांक शुल्क करारकाळात मालकाला द्यायच्या एकूण रकमेच्या पाव टक्का आहे आणि त्यात अनामतीवर वार्षिक दहा टक्के व्याज धरले जाते. म्हणजे महिना ६,००० रुपयांप्रमाणे अकरा महिन्यांचे ६६,००० आणि २०,००० अनामतीवरचे साधारण २,००० धरले, तरी शुल्क १७० रुपयांच्या घरात येते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आहे आणि हे काम आता आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. खेड्यात नोकरी लागून तिथे राहायला गेलात, तर भाडे नियंत्रण कायदा सगळीकडे लागू नसतो, तिथे करारातला शब्दच तुमचा मुख्य आधार असेल.

खोली सोडण्याच्या दिवशी वरच्या वहिनींना सोबत घ्या. भिंती, पंखा, खिडकी, नळ यांचे मोबाइलवर चित्रण करा, वीजमीटरचा आकडा टिपा, आणि अनामत खात्यात आल्याचा संदेश पाहून किल्ली मुलाच्या हातात द्या. पैसे आलेच नाहीत तरी किल्ली अडकवून ठेवू नका. वहिनींच्या समोर ती द्या, मिळाल्याचे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि त्याच कागदाची प्रत जोडून ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा.